बाबूचे बुडबुडे

हसायचं असेल ना, तर चहाचा घोट आधी गिळून घ्या. मग नाकातून बाहेर आला तर मला बोलायचं नाही. हा किस्सा मी आमच्या बिल्डिंगमध्ये अजून कुणाला स्वतःहून सांगितलेला नाही. गरजच पडली नाही, सगळ्यांना आधीच माहीत आहे!

आधी माझी ओळख ऐका, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. मी सुनील जाधव, मुलुंड ईस्ट. अंधेरीला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत बावीस वर्षं नोकरी. ऐकायला भारी वाटतं ना? पण मी आहे डिस्पॅचला. पंप तयार होऊन माझ्यापर्यंत आला की तो लाकडी खोक्यात भरायचा, खिळे ठोकायचे, वर 'नाजूक' असा शिक्का मारायचा आणि टेम्पोत चढवायचा. पंपाच्या पोटात काय असतं ते मी बावीस वर्षांत एकदाही बघितलेलं नाही. माझं काम खोकं बंद करायचं, उघडायचं नाही.

पण हे सोसायटीत कुणाला सांगणार? सोसायटीत मी 'पंपवाले जाधव'. टाकीवर पाणी चढलं नाही की लोक माझ्याकडे बघतात. मग मी खाली जातो, पंपावर कान ठेवतो, दोनदा मान हलवतो आणि म्हणतो, "बेअरिंग." प्लंबर येतो, त्याला हवं ते करतो, पाणी चढतं. आणि लोक म्हणतात, जाधवांनी आधीच सांगितलं होतं! आता एवढा मान फुकट मिळत असेल तर तुम्ही नाही म्हणाल का?

तर आमच्या समोरच्या दारात परबकाकी राहतात. मूळच्या कुडाळकडच्या. परबकाका गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ती कामं केली, पण हात फिटरचा तो फिटरचाच राहिला. तीन वर्षांपूर्वी काका गेले. मूलबाळ नाही. मागे राहिल्या काकी आणि बाबू.

बाबू म्हणजे मासा. ऑस्कर जातीचा, चांगला वीतभर लांब, काळपट अंगावर केशरी डाग, आणि तोंड असं की सतत कुणावर तरी रागावलेला. काकांनी बोटाएवढा आणला होता. काकी रोज सकाळी टाकीसमोर स्टूल टाकून बसतात, चहा पितात आणि त्याला सगळ्या बातम्या सांगतात. भाजी काय भावाने मिळाली, गावाकडून कुणाचा फोन आला, पाचव्या मजल्यावर कुणाचं भांडण झालं. बाबू काचेला तोंड लावून ऐकतो. त्या घरात दुसरं बोलायला आहे तरी कोण?

आणि या बाबूच्या टाकीचा फिल्टर काय आहे माहितेय? कुकर! शप्पथ! स्टीलचा पाच लिटरचा प्रेशर कुकर. काकांचं डोकं ते. बाजारातला फिल्टर त्यांना पसंत पडेना, म्हणून जुन्या कुकरला दोन नळ्या बसवल्या, आत स्पंज भरला आणि तो टाकीच्या वर फळीवर ठेवला. टाकीतलं पाणी एका नळीने कुकरात चढतं, स्पंजातून गाळलं जातं, पलीकडे एक छोटा पंप ते ओढून घेतो आणि परत टाकीत सोडतो. झाकणाला आपली नेहमीची कुकरची रिंग. सात-आठ वर्षं हे चाललंय, एक थेंब इकडचा तिकडे नाही.

मार्चमध्ये काकी गावाला निघाल्या. देवीची जत्रा. शनिवारी संध्याकाळी चावी घेऊन आमच्या दारात.

"सुनील्या, आठ दिवस जातंय. बाबूक तुझ्या भरवशार ठेवतंय. सकाळी धा दाणे, सांजेक धा दाणे. जास्ती नको, लाडान मरात."

"काकी, बिनधास्त जा."

"आणि त्या कुकराक हात लावू नको हां! तो ह्येंनी बसयलेलो असा."

"नाही लावणार."

"तू पंपातलो माणूस, म्हणान तुका सांगतंय."

बघा, चूक कुणाची? 'पंपातला माणूस' म्हणायचं आणि वर पंपाला हात लावू नको म्हणायचं! काकींची गाडी ठाण्याहून सुटली असेल-नसेल, रविवारी सकाळी मी त्या फळीसमोर कमरेवर हात ठेवून उभा. बाबूला दहा दाणे घातले. बाबूने ते गटकले आणि माझ्याकडे रागाने बघितलं. म्हटलं, आलोच आहोत तर जरा सर्व्हिसिंग करून टाकू. काकी आल्या की म्हणतील, सुनीलने टाकी कशी लखलखीत ठेवली!

पंप बंद केला. कुकर उघडला. स्पंज धुतला, टाकीच्याच पाण्यात धुतला बरं का, एवढं मला मोबाइलवर बघून माहीत होतं. सगळं परत आत भरलं. आणि झाकण बसेना! रिंग काढून धुतली होती ना, ती फुगल्यासारखी झाली होती. एकीकडून दाबावी तर दुसरीकडून बाहेर.

आता कुकरची रिंग सैल झाली तर आपल्याकडे काय करतात? अहो सांगा ना! फ्रीजरमध्ये ठेवतात! लहान पोराला पण माहीत आहे. काकींचा फ्रिज त्या बंद करून गेल्या होत्या, म्हणून मी रिंग घेऊन आमच्या घरी आलो. स्वयंपाकघरात माझी बायको वैशाली कांदा चिरत होती. फ्रीजर उघडला, वाटाण्याच्या पिशवीवर रिंग ठेवली, दार लावलं.

"फ्रीजरमध्ये काय शोधताय?" वैशाली मागे न बघता म्हणाली.

"काही नाही गं."

"आणि कुकरची रिंग कधी आणणार? महिनाभर सांगतेय, सैल झालीय, वाफ सगळी बाजूने जाते. वीस-वीस मिनिटं शिट्टी होत नाही."

"आणतो म्हटलं ना! बाजारात गेलो की आणतो."

"बाजार दोन मिनिटांवर आहे."

मी तिथून सटकलो. खाली गेलो, पेपर वाचला, सेक्रेटरींना सोसायटीच्या टाकीच्या पंपाबद्दल पंधरा मिनिटं ज्ञान दिलं. परत आलो, फ्रीजर उघडला, रिंग काढली. एकदम गार आणि टणक! समोर जाऊन झाकणात बसवली. काय बसली महाराजा! पंप चालू केला, पाणी सुरू. मी स्वतःच स्वतःच्या पाठीवर थाप मारली.

दुपारी आमच्या घरी दहा मिनिटांत कुकरची शिट्टी झाली. वैशाली ताट वाढताना म्हणाली, "बघा, तुमच्या नवीन रिंगवाचून काही अडलं नाही माझं."

म्हटलं, चला, एक काम वाचलं.

सोमवारी सकाळी समोर गेलो, दार उघडलं, आणि आतून आवाज. खळ्ळ... खळ्ळ... खुळुक! कुणीतरी चूळ भरतंय असं वाटलं. टाकीत बघतो तर पंपाच्या नळीतून पाण्याबरोबर बुडबुड्यांचा लोंढा. सगळी टाकी सोड्यासारखी फसफसलेली. आणि बाबू एका कोपऱ्यात, तोंड नेहमीपेक्षा वाकडं.

म्हटलं ठीक आहे, कुकर उघडला तेव्हा हवा आत राहिली असेल, निघून जाईल. कुकरला दोन टपल्या मारल्या. कामाला गेलो. संध्याकाळी आलो तर लोंढा दुप्पट!

आणि बरोबर सात वाजता काकींचा व्हिडिओ कॉल. रोज सातला करणार असं ठरलंच होतं, बाबूला बघायला. मी मोबाइल टाकीसमोर धरला. पलीकडे काकी, त्यांच्या जाऊबाई, दोन पोरं, सगळं घर डोकावतंय.

"बाबू खय? हां, दिसलो दिसलो! बाबू, जेवलंस मां? आणि सुनील्या, ते बुडबुडे कसले रे?"

आता इथे मी खरं बोलायला हवं होतं की नाही? काकी, मी कुकर उघडला, काहीतरी बिघडलं. एवढंच. पण 'पंपवाले जाधव' आडवे आले ना!

"ऑक्सिजन, काकी! जरा वाढवलाय. उन्हाळा आहे ना, माशांना लागतो."

"अगो बाय! बघलंस?" काकी जाऊबाईंना म्हणाल्या. "पंपातलो माणूस तो. आमच्या ह्येंका पण ह्यां सुचूक नाय!"

मी मोबाइल हळूच बुडबुड्यांपासून बाजूला वळवला. पण तोंड हसरं ठेवलं.

मंगळवारपासून मी कामाला लागलो. मोबाइलवर बघितलं. कुणी म्हणतं पाणी कमी असेल, ओढणारी नळी वर उघडी पडत असेल. बादलीभर पाणी घातलं. बुडबुडे तसेच. कुणी म्हणतं, टाकीत हवा सोडणारा दगड असतो ना, तो त्या नळीच्या तोंडाशी असेल तर तीच हवा आत ओढली जाते. दगड दुसऱ्या कोपऱ्यात नेला. बुडबुडे तसेच, आणि बाबूचा झोपायचा कोपरा मी बिघडवला म्हणून तो मला शेपूट दाखवून बसला.

बुधवारी पांढरी टेप आणली, नळाला गुंडाळतात ती. जिथे जिथे सांधा दिसेल तिथे गुंडाळली. मग प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू पेपर लावून बघितला. कुठे ओल आहे का? एक ठिपका नाही! सगळं खडखडीत कोरडं. मग मी स्वतःशी जाहीर केलं, पाणी कुठेच गळत नाही, म्हणजे लीक कुठेच नाही. पण मग हवा येते कुठून, आकाशातून?

"अहो, तो कुकर परत उघडून बघा ना," वैशाली दारातून म्हणाली.

"तिथे काय बघायचं? ती रिंग मी स्वतः बसवलीय! संपूर्ण टाकीत एकच गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे, ती म्हणजे ती रिंग."

हे वाक्य लक्षात ठेवा. वैशालीने ठेवलंय, अजून ऐकवते.

आमच्या घरी मात्र त्या आठवड्यात अगदी झकास चाललं होतं. कुकर लावला की धाड धाड शिट्ट्या. वैशाली खूश. फक्त एक गोष्ट. बुधवारी जेवताना मी डाळीचा वास घेतला.

"डाळीला कसला तरी वास येतोय गं. जरा... मासळीसारखा."

"माझ्या डाळीला?" पळी हवेतच थांबली. "दिवसभर त्या टाकीत हात घालून बसता आणि माझ्या डाळीला वास? आधी हात धुऊन या!"

मी हात धुऊन आलो. तरी वास होता. पण मी काही वेडा नाही परत बोलायला.

गुरुवारी सकाळी वाट लागली. पंप घुंऽऽ करतोय, पण नळीतून पाणीच येत नाही. मध्येच खुळुक करून थोडं येतं, परत बंद. टाकीचं पाणी ताकासारखं गढूळ. आणि बाबू तळाशी, एका कुशीवर जरासा कललेला. दहा दाणे टाकले. ते वर तसेच तरंगत राहिले. बाबूने बघितलं पण नाही.

खरं सांगतो, तेव्हा मी घाबरलो. मस्करी तिथे संपली. त्या घरात काकांचं म्हणावं असं हलतंबोलतं काय उरलंय? हा एक मासा. आणि काकींनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये माझ्या हातात चावी दिली होती. काकी आल्या, स्टूल टाकलं, चहा घेऊन बसल्या, आणि समोर रिकामी टाकी, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. अर्धी टाकी पाणी मी हाताने बदललं. डोळे भरून आले होते.

त्या दिवशी कंपनीत मी पहिल्यांदा टेस्टिंग डिपार्टमेंटची पायरी चढलो. तिथे नाना आहेत. पंपातला खरा माणूस. तीस वर्षं पंप उघडतायत. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर डबा उघडला आणि सगळं सांगितलं. म्हणजे, सर्व्हिसिंग केलं ते सांगितलं नाही. बाकी सगळं सांगितलं.

नानांनी माझ्या डब्यातली डाळ चमच्याने घेतली. "वा! वहिनींनी सुकट घातलीय काय? झकास. अजून एक चमचा दे."

"नाना, मासा मरतोय माझा!"

"ऐक. पाणी गळत नाही म्हणजे लीक नाही, हे कुठल्या गाढवाने सांगितलं तुला?"

मी डब्याचं झाकण पुसायला लागलो.

"पंप जिथे ढकलतो तिथे फट असेल तर पाणी बाहेर येतं. पण पंप जिथून ओढतो ना, तिथे फट असेल तर हवा आत जाते. एक थेंब गळणार नाही. वरून बघितलं तर सगळं कोरडं! आणि हवा भरली की पंप नुसताच फिरतो, पाणी ओढतच नाही. बावीस वर्षं कंपनीत काय केलंस रे?"

"खोकी बंद केली."

"मग आता अगरबत्ती लाव. ओढणाऱ्या बाजूच्या एकेका सांध्याजवळ धर. जिथे धूर आत ओढला जाईल तिथे तुझी फट. आणि कुठलीही जागा सोडू नकोस. शंभर टक्के बरोबर आहे असं वाटतं ना, ती जागा आधी बघ."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. पण ऐकणं आणि डोक्यात शिरणं यात फरक असतो की नाही?

संध्याकाळी साडेसहालाच घरी. आमच्याकडे बुद्धवंदनेला लागते ती अगरबत्ती घेतली. एकीचा धूर पुरेना, म्हणून चार एकदम पेटवल्या. फळीखाली अंधार होता, नीट दिसेना, म्हणून टाकीच्या कडेला एक मेणबत्ती लावली. पंख्याने धूर हलतो म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. घामाने निथळतोय, म्हणून खांद्यावर टॉवेल. धुराने डोळ्यांतून पाणी. आणि मी नळीच्या खालच्या सांध्यापासून हळूहळू वर चाललोय. पहिला सांधा, धूर सरळ. दुसरा सांधा, धूर सरळ. तिसरा, सरळ. आता राहिला फक्त कुकर.

आणि सात वाजले.

मोबाइल टाकीसमोर स्टँडवर उभा करून ठेवलेला, रोजच्या कॉलसाठी. वाजला. हातात अगरबत्त्या, म्हणून कोपराने उचलला!

आता तुम्ही काकींच्या जागी बसा आणि बघा काय दिसलं असेल. अंधारी खोली. धूरच धूर. टाकीपुढे मेणबत्ती. बाबू तळाशी कललेला. आणि टाकीसमोर, खांद्यावर टॉवेल टाकून, डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत, मी. हातात अगरबत्त्यांचा जुडगा, टाकीभोवती गोल गोल फिरवतोय.

काकींचा चेहरा मोबाइलच्या अगदी जवळ आला.

"सुनील्या... अगरबत्ती कित्याक लावलंस?"

"काकी, ते..."

"गेलो मां माझो बाबू? खरा सांग! गेलो मां?"

"नाही नाही काकी! जिवंत आहे! मी फक्त हवा कुठून येते ते..."

"माका फसवू नको रे! माका सगळा दिसता हा!"

"काकी, ऐका, हा सक्शनचा..."

मागे जाऊबाईंनी हंबरडा फोडला. मोबाइल कुणाच्या तरी हातातून पडला, छतावरची कौलं दिसली, आणि कॉल बंद. मी परत लावला. लागेना. पुन्हा लावला, नेटवर्क नाही. वीस वेळा लावला असेल. मेसेज टाकला, 'बाबू जिवंत आहे'. एकच टिक. आता हा मेसेज वाचून तरी कुणाचा विश्वास बसला असता?

कुकर बघायचा राहिला तो राहिलाच.

शुक्रवारी सुट्टी टाकली. सकाळी आठला समोर जाऊन टाकीसमोर बसलो. काकींच्याच स्टुलावर. बाबू तसाच तळाशी. म्हटलं, "बाबू यार, एक घास खा. माझ्यासाठी नको, काकींसाठी खा." बाबूने कल्ला हलवला, बस.

इतक्यात लिफ्टचं दार वाजलं. आणि काकी! रात्रीच्या गाडीने ठाण्याला उतरून थेट रिक्षाने. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात देवीचा हार. तो हार कशासाठी आणला होता ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

माझ्याकडे बघितलं पण नाही. सरळ टाकीपाशी.

"बाबू..."

आणि काय सांगू! कालपासून ज्याने हालचाल केली नव्हती तो मासा सरळ झाला, शेपूट झटकली आणि वर येऊन काचेला तोंड लावून उभा राहिला. तेच ते रागावलेलं तोंड!

"जिवंत असा मेलो!" काकी ओरडल्या. "अरे जिवंत असा!" आणि काचेला गाल लावून रडायला लागल्या. मी पण रडलो. लाज कसली त्यात! पाच दिवसांनी छातीवरचा दगड उतरला होता. दाणे टाकले. बाबूने एक खाल्ला, दोन खाल्ले, तीन खाल्ले. मी मोजत होतो.

मग काकींनी पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या कानावर तो आवाज पडला. खळ्ळ... खुळुक.

"ह्यां काय वाजता?"

"काकी, हवा शिरतेय कुठून तरी. मी सगळं तपासलं..."

"कुकर उघडलंस?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघितलं.

"सुनील्या, कुकर उघडलंस काय?"

"थोडासा."

काकींनी पंप बंद केला, पदर खोचला, एका झटक्यात झाकण काढलं. रिंग बाहेर ओढली. बोटांनी सगळी कड चाचपली, उजेडात धरली.

"ही रिंग माझी न्हय."

"काकी, रिंग तीच आहे. मी स्वतःच्या हाताने..."

"न्हय म्हणतंय ना! ही बघ, झिजलेली, सैल. माझी नवी, दिवाळीत हाडलेली. आणि माझ्या रिंगेच्या कडेक तीन चिरे असत. ह्येंचो नियम तो. गिरणीत सगळ्यांची हत्यारां सारकी, म्हणान आपल्याक तीन चिरे मारूचे, बदलूक नको. ते गेले, पण नवी रिंग हाडलंय की मी पण तीन चिरे मारतंय. माझी रिंग खय असा?"

मी म्हणणार होतो, मला काय माहीत. तोंड उघडलं पण होतं.

आणि समोरून, आमच्या उघड्या दारातून, शिट्टी झाली. काय शिट्टी! खणखणीत, लांबलचक, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी. मागोमाग दुसरी. मागोमाग तिसरी.

काकींनी माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे बघितलं. महिनाभर ज्या कुकरची शिट्टी होत नव्हती, तो कुकर रविवारपासून... रविवारपासून!

धावलो. "वैशाली! कुकर बंद कर!"

"अहो, डाळ आहे, अजून एक शिट्टी..."

"तुझी रिंग! सैल झाली होती ती, कशी काय बसली?"

"कशी म्हणजे? फ्रीजरमध्ये टाकली होती रविवारी सकाळी, वाटाण्याच्या पिशवीमागे. तुम्ही आणून देईना, मग काय करणार? नंतर फ्रीजर उघडला, पिशवीवर मिळाली, काढून लावली."

दोन्ही कुकर पाच लिटरचे, रिंगा सारख्याच. पिशवीमागे तिची. पिशवीवर माझी, म्हणजे काकींची. वैशालीने वरची उचलली. मी तासाभराने गेलो, मागे जी राहिली होती ती घेऊन आलो. महिनाभर झिजलेली, सैल, टाकाऊ रिंग. गार होती तोवर बसली. सोमवारपर्यंत परत सैल झाली, आणि तिथूनच हवा ओढत होती! एक थेंब न गळता!

वाफ जाईपर्यंत आम्ही तिघं त्या कुकरभोवती उभे होतो. वैशालीने झाकण काढलं, चिमट्याने रिंग ओढली. बाहेरच्या कडेला तीन चिरे. एक, दोन, तीन.

"म्हणजे..." वैशालीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हणजे रविवारपासून आपण... त्या टाकीतल्या रिंगवर... डाळ..."

"मी म्हटलं होतं वास येतोय!" माझ्या तोंडून निसटलं. पाच दिवसांत मी एकच गोष्ट बरोबर बोललो होतो, आणि ती पण बोलायला नको होती.

पहिल्यांदा काकी हसल्या. सुजलेले डोळे, विस्कटलेले केस, आणि हसता हसता ओट्याला धरून खाली बसल्या. "बाबूचा सार खाल्ल्यात रे तुमी!" मग वैशाली हसली. मग मी. हसता हसता मला नाना आठवले, आणि त्यांनी मागून घेतलेला दुसरा चमचा आठवला.

काकींनी रिंग गार होऊ दिली, साबण न लावता साध्या पाण्याने चारदा धुतली आणि आपल्या कुकरात बसवली. आत पाणी भरलं, झाकण लावलं, पंप चालू केला. एकदा खुळुक झालं. थोडे बुडबुडे आले. मग कमी झाले. मग दोन-तीन. मग एक. आणि मग काहीच नाही, फक्त पाण्याची बारीक झुळझुळ. मी आयुष्यात एवढा गोड आवाज ऐकलेला नाही.

"काकी, तुमची जत्रा बुडाली माझ्यामुळे," मी म्हटलं.

"ओटी भरून झालेली. आणि देवीन बाबू दिल्यान मां परत? मग काय बुडला?" त्यांनी स्टूल ओढलं. "चाय ठेव वैशाली. डाळ नको हां."

त्याच दिवशी मी बाजारात गेलो. दोन मिनिटांवर आहे. रिंग आणली, आणि घरी येऊन तिच्या कडेला ब्लेडने एक चीर मारली. नानांना सोमवारी खरं सांगितलं. ते माझ्या डब्याकडे बघत म्हणाले, "तरी चव होती रे." आता ते माझ्या डब्याला हात लावत नाहीत.

बाबू मजेत आहे. आधीपेक्षा जाड झालाय. काकी मे महिन्यात परत गावाला गेल्या, तेव्हा चावी आमच्याच घरी दिली. वैशालीच्या हातात. मी दहा दाणे घालायला गेलो तर फळीवरच्या कुकरला एक पुठ्ठा टांगलेला, काकींच्या मोठ्या मोठ्या अक्षरात.

'पंपवाल्यांनी हात लावू नये.'

मी दाणे घातले, दार लावलं आणि खाली उतरलो. सोसायटीच्या टाकीच्या पंपाशी सेक्रेटरी उभे होते, म्हणाले, "जाधव, जरा बघता का, आवाज येतोय." म्हटलं, "साहेब, प्लंबरला बोलवा. मी खोकी बंद करतो."